पाहुण्या यंत्राच्या हाती सोपवलेले उपकरण

एका संगणकाच्या आत दुसरा संगणक केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने उभा करता येतो. ह्या आतल्या संगणकाला आभासी यंत्र म्हणतात. आपल्यापाशी स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि स्वतःची डिस्क आहे असे समजून ते काम करीत असते; प्रत्यक्षात ही सारी सामग्री बाहेरच्या खऱ्या संगणकाची असते. बाहेरच्या संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. दोहोंच्या मध्ये हायपरवायझर नावाची आज्ञावली कारभाऱ्याप्रमाणे उभी असते. पाहुण्याला काय द्यावयाचे, किती द्यावयाचे आणि काय मुळीच द्यावयाचे नाही, हे ती ठरवते.

पाहुण्याला उपकरण पुरवण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्या प्रकारात हायपरवायझर एखाद्या परिचित उपकरणाचे सोंग घेतो. पाहुण्याला जे नेटवर्क कार्ड दिसते ते कोठेही अस्तित्वात नसते. त्याची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली तेवढी असते. दुसऱ्या प्रकारात पाहुण्याला आपण आभासी यंत्र आहोत ह्याची जाणीव असते, आणि तो कारभाऱ्याशी ठरलेल्या सोप्या भाषेत व्यवहार करतो. तिसऱ्या प्रकारात मध्यस्थ बाजूला होतो. खरे उपकरण यजमानाकडून काढून पाहुण्याच्या स्वाधीन केले जाते आणि पाहुण्याचा ड्रायव्हर त्याच्याशी थेट बोलू लागतो. ह्या तिसऱ्या प्रकाराला पासथ्रू असे नाव आहे. प्रस्तुत विवेचन त्याच्याविषयी, आणि विशेषतः तो बिघडला असता दोष कसा शोधावा ह्याविषयी आहे.

पासथ्रूचे सारे मर्म एका वाक्यात सांगता येते: एका उपकरणाला एका वेळी एकच धनी असावा लागतो. ह्या मार्गातील बहुतेक अडचणींच्या मुळाशी तीनपैकी एक गोष्ट सापडते. जुन्या धन्याने उपकरण सोडलेले नसते, नव्या धन्याने ते नीट ताब्यात घेतलेले नसते, किंवा हस्तांतराच्या वाटेवरील एखादा दुवा निखळलेला असतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे दोष शोधणे हा अंदाजाचा खेळ न राहता ती एक क्रमवार तपासणी होते.

जुना प्रश्न

ही कल्पना व्यक्तिगत संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आय.बी.एम.च्या वैज्ञानिक केंद्रात सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या प्रारंभी वापरात आली. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक मिळाल्याचा अनुभव ती देत असे. तिच्या मागोमाग सीपी-६७ आली, आणि १९७२ साली आय.बी.एम.ने व्हीएम/३७० जाहीर केली. त्या काळीही उपकरणांची वाटणी हाच नाजूक भाग होता. डिस्कचे लहान लहान तुकडे करून ते निरनिराळ्या आभासी यंत्रांना देता येत. छापावयाचा मजकूर आधी साठवून मग एकामागून एक छापता येत असे. चुंबकीय फितीच्या यंत्राचे मात्र तसे करता येत नसे. एकच फीत दोघांनी आपापल्या सोयीने पुढेमागे फिरवली, तर दोघांचेही काम नासणार हे उघड होते. म्हणून फितीचे यंत्र एका वेळी एकाच आभासी यंत्राला जोडून देण्याची सोय केलेली होती. आजचा पासथ्रू हा त्या व्यवस्थेचाच वंशज होय.

त्या काळच्या अभियंत्यांसमोर आणखी एक अडचण उभी राहिली. उपकरणे मुख्य प्रोसेसरला न विचारता स्मृतीत थेट माहिती लिहीत आणि तेथून वाचीत. त्यासाठी त्यांना स्मृतीतील खरे पत्ते लागत. पाहुण्याला मात्र आपले खरे पत्ते ठाऊकच नसतात. त्याला जो पत्ता शून्य वाटतो, तो यजमानाच्या स्मृतीत भलत्याच ठिकाणी असतो. सीपीमध्ये ह्यावर उपाय असा होता की, पाहुण्याने उपकरणासाठी लिहिलेला कार्यक्रम हाती घेऊन त्यातील प्रत्येक पत्ता बदलावयाचा आणि मगच तो चालवावयाचा. हा उपाय खर्चिक होता. शिवाय चालू असतानाच स्वतःत बदल करणारे कार्यक्रम ह्या भाषांतरात अडत आणि त्यांच्यासाठी निराळी सोय करावी लागे.

पत्त्यांचा पहारेकरी

व्यक्तिगत संगणकांवर आभासी यंत्रे रुळली ती १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आल्यानंतर. परंतु पीसीआय कार्डासारखे अंतर्गत उपकरण पाहुण्याच्या हाती निर्धास्तपणे देता येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, कारण पत्त्यांचा जुना प्रश्न येथेही आडवा आला. पाहुण्याच्या ताब्यातील कार्ड जर चुकीच्या पत्त्यावर लिहू लागले, तर ते यजमानाच्या किंवा शेजारच्या पाहुण्याच्या स्मृतीत घुसखोरी करील, आणि कारभाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

ह्यावरील उपाय यंत्रसामग्रीतच करण्यात आला. उपकरण आणि स्मृती ह्यांच्या मध्ये आयओएमएमयू नावाचा एक विभाग बसवला गेला. इंटेलच्या पद्धतीत त्याला व्हीटी-डी आणि एएमडीच्या पद्धतीत एएमडी-व्हीआय म्हणतात. उपकरणाने मागितलेला प्रत्येक पत्ता हा विभाग तपासतो, पाहुण्याच्या पत्त्याचे खऱ्या पत्त्यात रूपांतर करतो आणि हद्दीबाहेरची मागणी फेटाळतो. केव्हीएम हा हायपरवायझर फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० ह्या आवृत्तीत समाविष्ट झाला. उपकरणे सुरक्षितपणे सोपवण्याची व्हीएफआयओ ही व्यवस्था २०१२ साली लिनक्सच्या ३.६ ह्या आवृत्तीत आली.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना पाहुण्यापासून आरंभ करण्याचा मोह होतो, कारण त्रुटीचा संदेश बहुधा तेथेच दिसतो. तथापि तपासणी तळापासून वर न्यावी हे उत्तम. खालची पायरी पक्की असल्याची खात्री पटल्यावाचून वरच्या पायरीला हात लावू नये.

पहिली पायरी म्हणजे संगणक सुरू होताना चालणारी मूळ आज्ञावली. तिच्या मांडणीत आभासीकरणाच्या दोन निरनिराळ्या कळी असतात. इंटेलच्या संगणकावर व्हीटी-एक्स ही कळ प्रोसेसरपुरती असते, तर व्हीटी-डी ही उपकरणांसाठी असते. पहिली चालू केली की सामान्य आभासी यंत्र उत्तम चालते. त्यामुळे सर्व काही ठीक आहे असा समज होतो आणि दुसरी कळ बंदच राहते. पासथ्रूच्या अपयशाचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

दुसरी पायरी यजमानाच्या कार्यप्रणालीची. लिनक्सवर सिस ह्या निर्देशिकेत, कर्नेल विभागाखाली, आयओएमएमयूच्या गटांची यादी असते. ती रिकामी असेल तर पहारेकरी जागा झालेलाच नाही असे निश्चित समजावे. मूळ आज्ञावलीतील कळ बंद आहे, यंत्रात ती सोयच नाही, किंवा लिनक्सच्या गाभ्याला सुरुवातीस द्यावयाची सूचना राहून गेली आहे, ह्यांपैकी एक कारण तेथे असते. यादी रिकामी असताना पाहुण्यामधील ड्रायव्हर बदलत बसणे व्यर्थ होय.

तिसरी पायरी गटांची आहे आणि नवशिक्याला तीच सर्वाधिक गोंधळात टाकते. आयओएमएमयूला प्रत्येक उपकरण नेहमीच वेगळे ओळखता येत नाही. ज्या उपकरणांमधील परस्पर व्यवहार त्याच्या नजरेआड होऊ शकतात, ती सारी एका गटात धरली जातात. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीच्या सिंचनाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचे पाणी पाटकरी पाळीपाळीने शेतांना देतो. एखादा पाट संपूर्णपणे एकाच्या हवाली करावयाचा असेल, तर त्या पाटावरील इतर शेतांचे काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आयओएमएमयूचा गटही असाच असतो. ग्राफिक्स कार्ड ज्या गटात आहे त्याच गटात यजमानाचा डिस्क-नियंत्रक असेल, तर कार्ड तेवढे उचलून देता येत नाही. गट व्यवहार्य नसल्याचा संदेश व्हीएफआयओ देते, त्याचा अर्थ हाच असतो. त्या गटातील सर्व उपकरणे यजमानाच्या नेहमीच्या ड्रायव्हरपासून सोडवावी लागतात. बसचे पूल तेवढे ह्यातून वगळलेले असतात.

कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहणे हा येथील प्रामाणिक उपाय होय, कारण निरनिराळ्या खाचा बहुधा निरनिराळ्या गटांत पडतात. गट बळेच फोडून दाखवणारी एक दुरुस्तीही प्रचारात आहे. तिने गटांची यादी बदलते, पण यंत्रसामग्रीतील वास्तव बदलत नाही. ज्या उपकरणांमध्ये भिंत नाही त्यांच्यामध्ये भिंत आहे असे ती लिहून ठेवते. घरगुती प्रयोगात हा धोका कोणी जाणूनबुजून पत्करील. अनेकांची माहिती सांभाळणाऱ्या संगणकावर तो पत्करू नये.

चौथी पायरी ताब्याची. यजमान सुरू होताना त्याचे स्वतःचे ड्रायव्हर समोर दिसेल ते उपकरण हाती घेतात. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हे फार लवकर घडते. म्हणून सोपवावयाचे उपकरण व्हीएफआयओच्या ड्रायव्हरने त्याआधीच अडवून ठेवावे लागते. सध्या कोणता ड्रायव्हर ते उपकरण वापरीत आहे, हे पीसीआय उपकरणांची सविस्तर यादी मागितली की कळते. तेथे यजमानाच्या नेहमीच्या ड्रायव्हरचे नाव दिसले, तर जुन्या धन्याने ताबा सोडलेला नाही. एक बारकावा येथे ध्यानात ठेवावा. एकाच कार्डावर दोन कार्ये असू शकतात. ग्राफिक्स कार्डाबरोबर ध्वनीचे कार्यही असते, आणि ती दोन्ही एकत्रच सोपवावी लागतात.

पाचवी पायरी आभासी यंत्र सुरू होण्याच्या क्षणाची. उपकरण पाहुण्याच्या स्मृतीत केव्हाही, कोठेही लिहू शकते. त्यामुळे ती सगळी स्मृती यजमानाला जागच्या जागी खिळवून ठेवावी लागते. चालवणाऱ्या प्रक्रियेला तेवढी स्मृती खिळवण्याची परवानगी नसेल, तर स्मृती शिल्लक असूनही ती अपुरी असल्याचा संदेश येतो. अशा वेळी स्मृती वाढवण्याऐवजी परवानगीची मर्यादा वाढवावी लागते. जुन्या यंत्रांवर इंटरप्टचे, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी पाठवलेल्या संकेतांचे, पुनर्निर्देशन होत नसल्याचा संदेश येतो. हे बंधन सैल करण्याची सोय उपलब्ध आहे, परंतु तिच्या नावातच ती असुरक्षित असल्याचे म्हटलेले असते, हे विसरू नये.

शेवटची पायरी पाहुण्याची. खालच्या पाचही पायऱ्या पक्क्या ठरल्यावर मगच पाहुण्यामधील ड्रायव्हर, त्याची आवृत्ती आणि त्याची मांडणी ह्यांकडे वळावे.

यूएसबीची निराळी वाट

यूएसबी उपकरणाची गोष्ट वेगळी आहे. एखादा स्कॅनर किंवा छापयंत्र पाहुण्याला देताना आयओएमएमयूची गरज लागत नाही. स्मृतीशी थेट व्यवहार करतो तो यूएसबीचा नियंत्रक, आणि तो यजमानाकडेच राहतो. उपकरणासाठी आलेल्या मागण्या हायपरवायझर यजमानाच्या यूएसबी व्यवस्थेमार्फत पुढे पाठवतो. म्हणून आधी सांगितलेली गटांची तपासणी येथे गैरलागू ठरते. संपूर्ण नियंत्रकच पाहुण्याला द्यावयाचा असेल, तर मात्र ते पीसीआय उपकरण असल्याने सर्व पायऱ्या लागू होतात.

ही वाट किती उपयोगी आहे, हे ग्रंथालयांच्या उदाहरणावरून कळते. कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैसारख्या गावातील वाचनालय असो की महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याचे ग्रंथालय असो, उत्तम स्थितीतील जुना स्कॅनर केवळ ड्रायव्हरअभावी अडगळीत जाण्याचा प्रसंग तेथे येऊ शकतो. समजा, त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला आहे आणि पुढील आवृत्त्यांसाठी तो कधी निघालाच नाही. स्कॅनरची काच, दिवा, मोटर सारे शाबूत आहे. जीर्ण पोथ्या आणि मोडी कागद वाट पाहत आहेत. अडले आहे ते काही किलोबाइटच्या आज्ञावलीसाठी. अशा वेळी आधुनिक संगणकावर एक्सपीचे आभासी यंत्र उभे करून स्कॅनर त्याच्या हाती दिला, तर नवे उपकरण विकत न घेता काम पुढे जाते.

आता समजा, तो स्कॅनर पाहुण्याला दिसत नाही. प्रथम तो यजमानाच्या यूएसबी यादीत आहे की नाही ते पाहावे. तेथेही नसेल, तर दोष तारेचा, विजेचा किंवा स्कॅनरचाच आहे. यादीत असेल, तर यजमानावरील एखादी स्कॅनिंगची आज्ञावली त्याला धरून बसलेली नाही ना, हे पाहावे. मग परवानगी. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्याचे खाते व्हीबॉक्सयूजर्स ह्या गटात असावे लागते, आणि गटात नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याखेरीज तो बदल लागू होत नाही. नाव घातले तरी काही उपयोग झाला नाही अशी तक्रार ह्यामुळेच पुष्कळदा ऐकू येते.

त्यानंतर पाहुण्याला कोणता यूएसबी नियंत्रक दिला आहे ते तपासावे. विंडोज एक्सपीला यूएसबी ३ चा नियंत्रक मुळात ओळखताच येत नाही, विंडोज ७ लाही येत नाही. ती सोय विंडोज ८ पासून अंगभूत झाली. एक्सपीच्या पाहुण्याला यूएसबी ३ चा नियंत्रक दिला, तर त्याच्या पलीकडे जोडलेला स्कॅनर त्याला कसा दिसणार? येथे यूएसबी २ चा नियंत्रक निवडावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी २ आणि ३ साठी पूर्वी वेगळी पुरवणी बसवावी लागत असे. २०२२ मधील ७.० ह्या आवृत्तीपासून ते दोन्ही नियंत्रक मूळ आज्ञावलीतच आले. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

राहिली ओळख. यूएसबी उपकरण उत्पादकाचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक ह्यांवरून ओळखले जाते, आणि त्यांवरून चाळणी लावली जाते. परंतु काही उपकरणे विलक्षण वागतात. जोडताक्षणी ती एका क्रमांकाने उभी राहतात, ड्रायव्हरकडून आपली अंतर्गत आज्ञावली घेतात, आणि मग क्षणभर तुटून दुसऱ्याच क्रमांकाने पुन्हा अवतरतात. चाळणी पहिल्याच क्रमांकाची असल्याने दुसऱ्या अवतारात उपकरण यजमानाकडे परत जाते. पाहुण्याला ते दिसते आणि लगेच नाहीसे होते. हे लक्षण दिसल्यास दोन्ही क्रमांकांच्या दोन चाळण्या लावाव्यात. सगळे रकाने रिकामे ठेवलेली चाळणी मात्र लावू नये. ती समोर येईल ते प्रत्येक उपकरण ओढून घेते, प्रसंगी कळफलकसुद्धा.

एक इशारा ह्याबरोबर दिलाच पाहिजे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. अशा पाहुण्याला इंटरनेटची जोडणी देऊ नये. स्कॅन केलेली चित्रे सामायिक निर्देशिकेतून यजमानाकडे न्यावीत आणि पाहुण्याचा जगाशी संबंध तेवढ्यापुरताच ठेवावा.

दोन हट्टी दोष

ग्राफिक्स कार्डाचे दोन दोष स्वतंत्र उल्लेखास पात्र आहेत. पहिला असा की, पाहुणा पहिल्यांदा व्यवस्थित सुरू होतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड प्रतिसाद देत नाही. आणि सबंध यजमान बंद करून चालू केला की पुन्हा एकदाच काम होते. येथे हस्तांतराचा परतीचा दुवा तुटलेला असतो. एका धन्याकडून दुसऱ्याकडे जाताना उपकरण आपल्या मूळ अवस्थेत यावे लागते. ही सोय कार्डातच अपुरी असेल, तर आधीच्या पाहुण्याची अवस्था तशीच उरते. एएमडीच्या काही ग्राफिक्स कार्डांची ह्याबाबत ख्याती आहे. ठरावीक कार्डांसाठी तयार केलेल्या पूरक आज्ञावल्या कधी उपयोगी पडतात. पण खरा उपाय कार्ड निवडतानाच ही चौकशी करणे हा होय.

दुसरा दोष विंडोजच्या पाहुण्यात ४३ ह्या क्रमांकाने प्रकट होत असे. एनव्हिडियाचा जीफोर्स मालिकेचा ड्रायव्हर आपण आभासी यंत्रात आहोत हे ओळखून काम नाकारीत असे. यंत्रसामग्री, गट, ताबा सारे निर्दोष असूनही काम अडत असे, आणि वापरणारे लोक हायपरवायझरची ओळख लपवून वेळ निभावीत. मार्च २०२१ मध्ये ४६५ ह्या मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने विंडोजच्या आभासी यंत्रात जीफोर्सचा पासथ्रू अधिकृतपणे मान्य केला. म्हणून आज हा क्रमांक दिसला तर आधी ड्रायव्हरची आवृत्ती पाहावी. लपवालपवीचे जुने उपाय अद्यापही सांगितले जातात. नव्या ड्रायव्हरला त्यांची गरज नाही.

किंमत आणि मर्यादा

पासथ्रूमुळे उपकरण जवळजवळ मूळच्या वेगाने चालते, परंतु त्या वेगाची किंमत मोजावी लागते. स्मृती खिळलेली असल्याने ती इतर पाहुण्यांना उसनी देता येत नाही. सामान्य आभासी यंत्र चालू स्थितीत एका यजमानावरून दुसऱ्यावर नेता येते. खरे उपकरण हाती असलेल्या पाहुण्याला ही मुभा सहसा नसते, कारण उपकरण त्याच्याबरोबर प्रवास करू शकत नाही. एकाच नेटवर्क कार्डाने अनेक कार्डे असल्याप्रमाणे वागावे आणि त्याचा एकेक भाग एकेका पाहुण्याला देता यावा, अशी एसआर-आयओव्ही ही व्यवस्था पीसीआयचे मानक ठरवणाऱ्या संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केली. वाटणीचे काम तेथे उपकरणानेच अंगावर घेतलेले असते. ही सोय मुख्यतः मोठ्या सेवा-संगणकांच्या कार्डांत आढळते.

सर्वांत मोठी सावधगिरी डिस्कच्या बाबतीत बाळगावी. एकच डिस्क यजमान आणि पाहुणा दोघांनीही लिहिण्यासाठी उघडली, तर दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे तिच्या नोंदी बदलतात आणि त्यांपैकी कोणालाही दुसऱ्याची वार्ता नसते. थोड्याच वेळात नोंदींचा मेळ बसेनासा होतो. त्रुटीचा संदेश येईपर्यंत माहिती नष्ट झालेली असते. इतर उपकरणांच्या बाबतीत दोन धनी झाले तर काम अडते. डिस्कच्या बाबतीत संग्रहच बुडतो. म्हणून डिस्क किंवा तिचा नियंत्रक सोपवण्यापूर्वी यजमानाने ती सोडल्याची खात्री करावी आणि माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.

ह्या सर्व पायऱ्यांवर विचारावयाचा प्रश्न मात्र एकच असतो: ह्या क्षणी हे उपकरण कोणाच्या हाती आहे? त्याचे उत्तर तपासून मिळवावे, गृहीत धरू नये. एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद ठेवावी, आणि तो निरुपयोगी ठरल्यास मागे घेऊन मगच पुढच्या पायरीकडे जावे. अशा रीतीने जाणाऱ्याला दोष कोठे आहे हे तर कळतेच, पण तो कोठे नाही हेही निश्चितपणे सांगता येते. आणि दुरुस्तीच्या कामात हे दुसरे ज्ञान पहिल्याइतकेच मोलाचे असते.